सूनबाईचं ट्रेनिंग आणि कानबाईचा सोमवार

माझी सून डॉक्टर. ऐंशीच्या पुढच्या सालांत पारोळ्याच्या बाजूला सरकारी दवाखान्यात होती. एकदा तिला पुण्याला दहा दिवसांच्या ट्रेनिंगचं पत्र आलं. मी म्हटलं, "अजून डॉक्टरकी शिकायची राहिलीच का तुझी?"

ती हसली. "डॉक्टरकी नाही, आई. दवाखाना चालवायला शिकवतात. माणसं, औषधं, सामान कसं सांभाळायचं ते. हे झालं की अधीक्षक करतील मला."

"माणसं सांभाळायला पुण्याला कशाला? माझ्याजवळ बस."

आता बघा, ट्रेनिंग सुरू होणार सोमवारी, आणि त्याच सोमवारी आमच्या कानबाईचं विसर्जन. श्रावणात आम्ही घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतो, त्याचे रोट करतो, आणि दुसऱ्या दिवशी बाया कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. त्या वर्षी तिला डोक्यावर घ्यायचा मान आमच्या घराचा होता. सूनबाई एवढंच म्हणाली, "आबांना विचारून बघा. ते म्हणतील तसं."

आबा म्हणजे माझे मोठे दीर. भाऊबंदांत त्यांचा शब्द शेवटचा. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "जाऊ दे तिले. कानबाई तू ले डोकावर. देवी काय हजेरी लेस?"

घरी येऊन मी सांगितलं, "आबा नाही म्हणाले."

का सांगितलं? तर गल्लीतल्या बायांना दाखवायचं होतं, डॉक्टरीण सून नऊवारी नेसून कानबाई कशी नेते ते. एवढंच.

तिच्या जागी एक लहान डॉक्टर गेला. तिच्याच हाताखाली शिकलेला. परत आला आणि अधीक्षक झाला.

पुढच्या उन्हाळ्यात मी डबा घेऊन गेले, तर सूनबाई त्याच्या टेबलापुढे उभी. बाळंतपणाच्या खोलीतला मोठा दिवा बंद पडलेला, नवा मागत होती.

"अर्ज द्या, मॅडम. बघू."

"हा तिसरा अर्ज आहे, सर."

सर म्हणाली ती त्याला. बाहेर येऊन डबा घेतला, विचारलं, "भाजी कसली, आई?" खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हटलं, "वांग्याची."

पुढे काही वर्षांनी आबा गेले. सूनबाई फार रडली. डोळे पुसत म्हणाली, "आबांनी मला कधी कशाला नाही म्हटलं नाही. तेवढं एक ट्रेनिंग सोडून."

मी शेजारीच बसले होते. तिला पाणी आणून दिलं.