काटा चाळीसच्या आत

पुतण्याच्या लग्नाआधी आठ दिवस मोठा भाऊ माझ्या गुरांच्या सरकी-ढेपेच्या दुकानात आला. मला वाटलं, गाडी मागायला आला. आमच्या घराण्यातले बारा-पंधरा नवरदेव मीच मांडवापर्यंत पोचवले होते. गाडी होती ती एकट्या माझ्याकडे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात दोन दिवस घासाघीस करून घेतलेली, तेव्हाही जुनीच. वाटणीत ओलिताची जमीन भावाकडे गेली आणि बरड माझ्याकडे आली. ती बरड विकून मी वर्ध्यात दुकान टाकलं. त्या दुकानावर गाडी आली.

भाऊ पोत्यावर टेकला. म्हणाला, "लहान्या, पोट्ट्यासाठी टॅक्सी सांगून आलो."

"काऊन? माही गाडी मेली का?"

"मेली नाई, पन भरवसा नाई राह्यला. मागच्या लग्नात नवरदेवानं धक्का मारला. लोकं हासून राह्यले होते."

"इतकी सालं फुकट बसले, तवा कोनी हासलं नाई?"

"मंग नवी घे ना. तुले काय कमी हाय?"

मी त्याला उठून जायला सांगितलं. लग्नालाही गेलो नाही.

नवी घेणं मला जड नव्हतं. छोट्या नव्या गाड्या तेव्हा रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. पण नवी आणली असती, तर हेच लोक पत्रिका घेऊन पुन्हा माझ्या दारात आले असते, आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. मी जुनीचंच इंजिन नव्याने बांधून घ्यायचं ठरवलं.

मिस्त्रीने बॉनेट उघडून मान हलवली. "शेटजी, हे इंजिन पेट्रोलपेक्षा ऑईल जास्त पिते. विकून टाका."

"तुले विकाले सांगतलं का बांधाले?"

"बांधतो ना. पन बोर करा लागन, पिस्टन-रिंगा नव्या टाका लागन."

"जुने पिस्टन माह्या हातात आनून देजो. तेच धुऊन बसवशीन तं मले समजते."

"तुमी डॉक्टरले बी जुनं आतडं वापस मागसान," तो म्हणाला. पण पिस्टन आणून दिले.

किल्ली देताना त्याने बजावलं, "नव्या रिंगा बसेपर्यंत, हजार किलोमीटर, काटा चाळीसच्या वर जाऊ देऊ नका. गाडी भरून नेऊ नका, एखादं मानूस चालते. महिनाभरात हे पुरं करा, मंग कितीबी पळवा."

हजार किलोमीटर जायचं कुठे? बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन जबलपूरला. मी रोज दुपारी दुकान नोकरावर टाकून सेवाग्रामवरून जाम गावच्या चौकापर्यंत जायचो, चहा प्यायचो, परत यायचो. ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या देत पुढे जायचे. एकदा चहावाल्याने विचारलं, "काकाजी, रोज कोनाले घ्याले येता?" मी त्याच्यावर डाफरलो आणि दुसऱ्या दिवसापासून समोरच्या टपरीवर जाऊ लागलो. तिथल्याने कधी काही विचारलं नाही. तेही मला सोसवलं नाही.

शेवटचे शंभरेक किलोमीटर उरले तेव्हा एका दुपारी मी गाडी सेलूच्या रस्त्याला घातली. त्या रस्त्यावर भावाच्या गावाचा फाटा लागतो. इंजिनचा आवाज त्याच्या कानावर पडावा, एवढंच मनात होतं.

तो फाट्यावरच उभा होता, हातात थैली, एसटीची वाट पाहत. त्याने लांबूनच गाडी ओळखली. हात अर्धा वर आला आणि तिथेच थांबला. ऐंशीच्या वेगात माणूस दिसलंच नाही म्हणता येतं. चाळीसच्या आत तसं काही म्हणता येत नाही. तो मला पाहत होता आणि मी त्याला, बराच वेळ. त्याची दाढी वाढली होती. मी काच खाली घेतली, पण पाय ब्रेकवर गेला नाही. माणसं भरायची नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. एक माणूस चालतं, हे मिस्त्रीनेच सांगितलं होतं. पण आधी त्याने हात पूर्ण वर करावा, असं मला वाटत होतं. आयुष्यभर मी समोरच्याला आधी बोलायला लावत आलो. धंद्यात ते जमतं.

सेलूच्या अलीकडे मागून एसटी आली. मी गाडी डावीकडे घेऊन तिला वाट दिली. खिडकीत भाऊ होता, मांडीवर थैली, नजर सरळ पुढे. इंजिन असं गुळगुळीत चालत होतं की जोर दिला असता तर मी सेलूच्या स्टँडवर बसच्या आधी पोचलो असतो.

मी काट्याकडे पाहिलं. तो चाळीसच्या आत होता. मी तो तिथेच ठेवला.