रुईच्या झाडाची काडीमोड

करडीत लग्न कुणाच्याही घरचं असो, मांडवात शेवटचा शब्द शकुनबाईंचा. नवरीचा बाप फक्त हात जोडायला. कुणाकडे हळद आधी आणि कुणाकडे नंतर, कुणाच्या नवरदेवानं उंबरठ्याबाहेर थांबायचं, कुणाच्या मामानं रुसायचं आणि किती वेळ रुसायचं, सगळं बाईंना तोंडपाठ. खरी मजा यायची ती दोन वेगळ्या रीतींची घरं एकमेकांना भिडली की. मुलीकडचे म्हणत आमची रीत, मुलाकडचे म्हणत आमची, आणि तोवर वरण थंड व्हायचं. मग बाई पदर खोचून मध्ये उभ्या राहत आणि निवाडा देत, "ज्या मांडवात लगन लागते, त्या मांडवाची रीत खरी. तुमच्या गावी तुमी काई बी करा." या एका वाक्यावर मोठ्या शहरांत जाडजूड पुस्तकं लिहितात आणि ती शिकवायला प्राध्यापक नेमतात. बाई ते काम कपभर चहावर करत, आणि चहात साखर कमी पडली तर निवाडा फिरवतही.

त्यांच्यावर बोट ठेवायची हिंमत गावात कुणाची नव्हती. एक होती ती मोहाडीला राहायची. मोठी जाऊ रंभाबाई.

त्याचं असं झालं होतं की बाईंच्या पत्रिकेत कडक मंगळ. म्हणून बापानं त्यांचं पहिलं लग्न तलावाच्या पाळीवरल्या पिंपळाशी लावलं, मंगळ पिंपळाच्या गळ्यात घातला आणि मग त्यांना मोहाडीच्या धनीरामला दिलं. धनीराम हसतमुख माणूस. लग्नाच्या चौथ्या वर्षी ऐन धानाच्या रोवणीत, चिखलात उभा असताना त्याला नाग डसला. तेराव्याच्या पंगतीत रंभाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मंगळानं खाल्लं पोराले." बाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "माजा मंगळ पिंपळाकडे आहे. त्याले जाऊन पुसा." आणि त्या माहेरी, धाकट्या भावाकडे, मधुकररावांकडे निघून आल्या. तेव्हापासून नात्यातल्या दर कार्यात रंभाबाई ते वाक्य बोलते आणि बाई हे उत्तर देतात. ते उत्तर होतं म्हणूनच विधवा बाई दुसऱ्यांचे मांडव ताठ मानेनं चालवू शकली, हे गावाला कळत नसलं तरी बाईंना चांगलं कळत होतं.

मधुकररावांची बायको लवकर वारली. त्यांची लेक उर्वशी बाईंनीच वाढवली. उर्वशी शिकून पुण्याला गेली, पुण्याहून जर्मनीला गेली आणि यंदाच्या हिवाळ्यात योनास नावाचा एक जर्मन घेऊन परत आली. "आत्या, मी याच्याशीच लग्न करणार," ती म्हणाली. योनास इतका उंच की घरातल्या प्रत्येक दाराला त्यानं एकदा तरी डोकं आपटलं, आणि दर वेळी दाराचीच माफी मागितली. बाईंना पोरगा तिथेच आवडला.

पण आवडणं वेगळं आणि पत्रिका वेगळी. योनासची जन्मवेळ मिनिटासकट मिळाली, कारण त्या लोकांना सगळं लिहून ठेवायची खोड. पत्रिका निघाली आणि तिच्यात मंगळ ठाण मांडून बसलेला. उर्वशीला मंगळ नाही. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता, बाईंना उलट हुरूप आला. मुलीला मंगळ असेल तर पिंपळ, मुलाला असेल तर रुई. जर्मन असला म्हणून काय झालं, मांडव करडीचा होता.

तलावाच्या पाळीवर एक भरदार रुई होती. तिला हिरवं लुगडं गुंडाळलं, काळे मणी बांधले. माजी सरपंच गोपीचंद रुईचा बाप म्हणून उभा राहिला, कारण त्याला कुठेही उभं राहायला आवडतं. योनासनं मुंडावळ्या बांधून घेतल्या आणि उर्वशीला हळूच विचारलं, "मी काय करायचं?" ती म्हणाली, "काही नाही, नुसता उभा राहा." तो इतका मन लावून उभा राहिला की मंगलाष्टकं संपता संपता गोपीचंदला भरून आलं आणि त्यानं जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे कोपरावर, कारण खांद्यापर्यंत हात पुरेना.

इथवर सगळं रीतसर. घोटाळा पुढे झाला.

परदेशी माणसाचं लग्न भंडाऱ्याला नोंदवायचं तर तो लग्नाला मोकळा आहे असा त्याच्या देशाचा दाखला लागतो. त्या दाखल्याच्या अर्जात एक प्रश्न होता, याआधी कोणत्याही देशात तुमचा विवाहविधी झाला आहे का. योनासचं बोट तिथेच अडकलं. उर्वशी म्हणाली, "नाही लिही आणि मोकळा हो." योनासनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी प्रश्न समजावून घेतला आणि मान हलवली. "पयली लपवनारा दुसरीले काय सुख देईन? लिव बापा." योनासनं लिहिलं. एक विवाह, करडी, तारीख अमुक, वधू वनस्पती. सोबत फोटोही जोडला, त्यात गोपीचंद रडताना दिसत होता.

त्याच्या गावच्या कचेरीतल्या बाईंचं उत्तर आलं. उर्वशीनं ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या कायद्यात झाड नवरी होऊ शकत नाही. परंतु विधी आमच्याकडे झालेला नाही, आणि जिथे विधी झाला तिथली रीत पाहावी असा नियम आहे. तरी तिथल्या रीतीनं हे लग्न असल्यास ते मोडल्याचा, अथवा वधू मरण पावल्याचा पुरावा पाठवावा.

"हुशार बाई आहे," शकुनबाई खूश होऊन म्हणाल्या. "मायासारखंच बोलते."

"आत्या, तुले समजून राहिलं का?" उर्वशी रडकुंडीला आली होती. "त्यायच्या लेखी थो लग्न झालेला माणूस आहे. आता इथं होत नाही, तिथं होत नाही, कुठीच होत नाही." तिकडचं तिचं काम संपलं होतं. परत जायचं तर योनासची बायको म्हणूनच जाता येणार होतं. पाळीवरच्या एका रुईनं तिची सगळी वाट अडवून धरली होती.

गोपीचंद म्हणाला, "उपटून टाकू ना. मृत्यूचा दाखला मी आनतो, ग्रामसेवक आपलाच आहे."

"तू बाप आहेस ना गा तिचा?" बाई म्हणाल्या.

उपाय बाईंनीच काढला. जुन्या रीतीत नवराबायकोचं पटेना झालं की पंचांसमोर गवताची काडी मोडायची. काडी मोडली की दोघं मोकळे, दोघांना दुसरं घर करायची मुभा. तर पाळीवर पंच बसले. योनासनं काडीचं एक टोक धरलं, रुईच्या वतीनं गोपीचंदनं दुसरं. भांडण काय, असं पंचांनी विचारलं. योनास म्हणाला, भांडण काहीच नाही, ती फार चांगली आहे. पंचांचा मोठा पेच झाला. शेवटी स्वभाव जुळत नाही असं लिहिलं, काडी मोडली, कागदावर सह्या अंगठे झाले आणि योनासनं रुईला तांब्याभर पाणी घालून निरोप घेतला. उर्वशीनं सगळ्याचं जर्मन केलं आणि पाठवलं.

तिकडून उत्तर आलं ते आणखी सभ्य भाषेत. परदेशात झालेली काडीमोड मान्य करणारं खातं वेगळं असून तिथे बरेच महिने लागतात. अर्जासोबत पहिल्या पत्नीला सुनावणीची नोटीस पोचल्याचा पुरावा द्यावा. अपत्यं असल्यास त्यांच्या संगोपनाची काय सोय केली तेही कळवावं. अपत्यांचं वाचताना गोपीचंदनं काळजीनं पाळीकडे पाहिलं, कारण यंदा रुईला बोंडं फार आली होती.

योनासची रजा संपत आली तेव्हा मधुकररावांनी सगळ्यांना जीपमध्ये घातलं आणि मोहाडीला तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या कैलाश वकिलाकडे नेलं. वकिलानं सगळं ऐकलं, दोनदा खाली वाकून चप्पल शोधल्यासारखं करत हसून घेतलं आणि मग म्हणाला, "काडीमोड कायले केली? लग्न होतं म्हनून कबूल केल्यासारखं झालं ना. आता एकच रस्ता आहे. ज्यानं थे लगन लावलं त्यानं शपथेवर लिहून द्याचं, की हे लग्नच नोहोतं. झाडासोबत लावलेल्या लग्नानं काहीच होत नाही. कोनाचं काई जात नाही, कोनावर काई येत नाही. असा कागद गेला की दाखला येईन."

"लिवा," मधुकरराव म्हणाले. "बाई सही करते."

बाई मात्र पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. झाडाशी लावलेल्या लग्नानं काहीच होत नाही, असं शपथेवर लिहायचं, म्हणजे पिंपळानं काही नेलंच नाही. मग मंगळ होता तिथेच होता. मग धनीराम... रंभाबाईचं घर इथून तीन गल्ल्यांवर. इतकी वर्षं जे तिला बोलू दिलं नाही, ते आज स्वतःच्या सहीनं, सरकारी शिक्क्याखाली मान्य करायचं. त्यांना एकदम फार राग आला, वकिलाचा, जर्मनीचा, त्या खरं बोलणाऱ्या लांबड्या पोराचा, आणि खरं लिव म्हणून सांगणाऱ्या स्वतःचा तर सगळ्यात जास्त.

मग त्यांनी उर्वशीकडे पाहिलं. पोरगी नखं खात होती, अगदी लहानपणी खायची तशी.

"लिवा," बाई म्हणाल्या. "करते सही. पन वकील साहेब, मंग माजा मंगळ कुठी गेला, थे सांगा. पिंपळानं नेला नाही, तर मीच खाल्लं ना माया नवऱ्याले?"

मधुकरराव जमिनीकडे पाहू लागले. योनासला फक्त बाईंचा चेहरा कळला. त्यानं उर्वशीला विचारलं, उर्वशीनं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, धनीराम आणि नाग आणि पंगत. तिलाही हे आजवर अर्धंच उमगलं होतं. योनास मग शिकलेलं सगळं मराठी गोळा करून वकिलाला म्हणाला, "झाड काही करत नाही. मग मंगळ काय करतो? कोणत्या कायद्यात?"

वकिलानं पेन खाली ठेवलं. "कोनत्याच नाही," तो म्हणाला. "आपल्याकडे नाही, तुमच्याकडे बी नसन. मंगळावर कुठीच केस होत नाही."

"मग ते पण लिहा," योनास म्हणाला.

"आधी थे लिवा," शकुनबाई म्हणाल्या. "झाडाचं मंग."

वकिलाचा टायपिस्ट कॉम्प्युटरवर लिहू लागला. कलम एक: पत्रिकेतील मंगळामुळे कोणाही व्यक्तीचा पती अथवा पत्नी मरण पावत नाही. कलम दोन: सबब मंगळ टाळण्यासाठी झाडाशी लावलेला विवाह हा विवाह नव्हे व त्याचा कोणावरही परिणाम होत नाही. बाईंनी पहिलं कलम दोनदा वाचून घेतलं आणि सही केली. मग अजून एक प्रत मागितली, शिक्क्यासकट. जर्मनीला एकच लागते, असं वकील म्हणाला. "थे जर्मनीची," बाई म्हणाल्या आणि दुसरी प्रत पिशवीत घातली.

त्या तडक तीन गल्ल्या चालत गेल्या. मागे उर्वशी, तिच्यामागे योनास. रंभाबाई ओसरीत खाटेवर बसली होती, म्हातारी झाली होती, दिसतही कमीच होतं. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "उर्वशी, वाच वं." उर्वशीनं कलम एक वाचलं.

"कोनाचा कागद आहे?" रंभाबाईनं विचारलं.

"सरकारी. जर्मनीत चालते. तिथं चालते तर तुमच्या ओसरीत चालन नाही काय?"

रंभाबाईनं हात पुढे करून कागद चाचपला, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"नाग मोठा होता," मग ती म्हणाली. "मीच पाह्यला होता, त्या सकाळीच, वावराच्या धुऱ्यावरून जाताना. मी कोनाले सांगितलं नाही."

शकुनबाई तिच्या शेजारी खाटेवर बसल्या.