तंबूपर्यंतची वाट

सार्सची साथ ओसरून दोनेक वर्षं झाली असतील. आम्ही तेव्हा सिंगापुरात, यिशुनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. नवरा हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत इंजिनिअर होता आणि लहानपणापासून त्याला प्राण्यांचं वेड. एक दिवस ऑफिसातून आल्या आल्या त्याने सांगितलं, झांबियातल्या जंगलात एका कॅम्पचं बुकिंग केलंय, आपल्या दोघांचंच. बारा वर्षांखालची मुलं तिथे घेत नव्हते आणि आमची मुलगी आठ वर्षांची होती. मी म्हटलं, इतकी घाई कशाला, ती मोठी झाली की तिघं जाऊ. तो ऐकेना. शेवटी माझी आई पुण्याहून येऊन मुलीजवळ राहिली आणि आम्ही निघालो.

कॅम्प म्हणजे नदीकाठचे पाच तंबू. वीज नाही, फोन नाही, कुंपणसुद्धा नाही. आंघोळीला झाडाला टांगलेली गरम पाण्याची बादली, उजेडाला रॉकेलचे कंदील. सूर्य मावळल्यावर कुणी एकट्याने फिरायचं नाही, हा एकच कडक नियम. जेवणाच्या जागेपासून तंबूपर्यंत गाइड टॉर्च घेऊन सोडायला यायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता तो.

पहिल्या संध्याकाळी आम्ही जीपमधून फिरत होतो. अंधारून येत असताना गाइडने एका झाडावरच्या बिबट्यावर प्रकाशझोत टाकला. मी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. ‘अप्रतिम,’ तो म्हणाला, पण त्याचं तोंड भलतीकडेच होतं. मला वाटलं, त्याला तिकडे दुसरं काही दिसलं असेल.

दुसऱ्या संध्याकाळी जेवून तंबूकडे निघालो. पुढे गाइड, मग मी, मागे नवरा. वाट वळली आणि मागून पावलांचा आवाज येईनासा झाला. पाहिलं तर तो वाट सोडून सरळ नदीच्या उताराकडे चालला होता, दोन्ही हात पुढे धरून. मी हाक मारणार तेवढ्यात गाइडने मला खुणेने गप्प केलं. उतारावर, पंचवीस-तीस पावलांवर, एक रानरेडा उभा होता. गाइड चाहूल न देता गेला, नवऱ्याचा दंड धरला आणि एकेक पाऊल मागे घेत त्याला परत आणलं. समोर काय उभं होतं, हे नवऱ्याला कळलंच नव्हतं.

तंबूपाशी आल्यावर गाइड मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, तुमच्या मिस्टरांना दिसत नाही. कालच माझ्या लक्षात आलं होतं. हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं.”

सांगणार काय, मलाच ठाऊक नव्हतं. मी आत गेले. नवरा कॉटवर बसला होता.

“तुला दिसत नाही?”

“अंधारात नाही. चार वर्षं झाली. आता दिवसासुद्धा कडेचं दिसेनासं झालंय.”

डॉक्टरांना त्याने गुपचूप दाखवलं होतं. औषध नाही, ऑपरेशन नाही. नजर आक्रसत जाणार आणि एक दिवस उरलीसुरलीही जाणार. नोकरी गेली तर सिंगापुरात राहण्याचा पासही जाईल, या भीतीने तो कुणाजवळ बोलला नव्हता. दिसतंय तोवर प्राणी बघून घ्यावेत, म्हणून ही घाई. इतकी वर्षं शेजारी राहून मला कसं कळलं नाही? पण सिंगापुरात अंधार असतो कुठे? घरापासून बसस्टॉपपर्यंत सगळीकडे दिवेच दिवे. तो स्टुलाला अडखळला की मी त्याला धांदरट म्हणायचे.

घरात आधी कुणाला होतं का, असं मी विचारलं.

“मामांना.”

लग्न ठरताना मला सांगितलं होतं की त्याच्या मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं.

“तुला तेव्हा माहीत होतं?”

“होतं. आई म्हणाली, बोलू नकोस.”

“आणि आपली मुलगी?”

“तिची नजर बहुतेक जाणार नाही. पण तिला मुलगा झाला, तर त्याला हे होऊ शकतं.”

उरलेले दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तो डोळ्यांना दुर्बीण लावून तासन् तास हत्ती बघायचा. मी मागच्या सीटवर बसून त्याची मान बघायचे. माझा राग जात नव्हता आणि राग येतोय याची लाजही वाटत होती.

यिशुनला परतल्यावर मुलीला जवळ घेऊन सांगायला लागले की पप्पांना अंधारात जरा कमी दिसतं. ती चित्र रंगवत होती. मान वर न करता तिथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, “आय नो लाह. सिनेमाला मीच धरते ना पप्पाचा हात.”

पुढे तीन वर्षं त्याने कशीबशी नोकरी रेटली. मग एका ड्रॉइंगमधली चूक त्याच्या नजरेतून सुटली, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने राजीनामा दिला. आम्ही पुण्याला परतलो. आता त्याला खिडकी कुठे आहे, एवढं कळतं.

तिला पुढे होणाऱ्या मुलांबद्दलची गोष्ट मुलीला सांगायला मी तिचं कॉलेज संपेपर्यंत थांबले. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारलं, “तुला कधीपासून माहीत होतं?” मी खरं ते सांगितलं, ती आठ वर्षांची असल्यापासून. ती उठून तिच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.