घरची वांगी

मंगळवारच्या बाजारात शेवंतामावशींच्या पाटीतली वांगी मी नेहमी पारखून घेते. चकचकीत, एकही भोक नसलेली. आज त्यांच्या मागच्या पिशवीत लहान, वेडीवाकडी वांगी दिसली म्हणून हात घातला, तर मावशींनी मनगटच धरलं.

"ती ऱ्हाऊ द्या ताई. घरच्यासाठी हाईत, बिनफवाऱ्याची, औषिध न मारल्याली."

"मग ही पाटीतली?"

"ही इकायची. किडकं तुमास्नी चालत न्हाई न्हवं?"

त्यांच्या आवाजात खोट नव्हती. खरंच, इतकी वर्षं भोक दिसलं की मीच वांगं परत टाकत होते. अळी आधी चाखून बघते आणि सांगते की हे खाण्याजोगं आहे, तिलाच मी हाकलत आले. ज्याला तोंड लावायला ती धजली नाही, ते मी लेकीला भरवत राहिले.

"आई, भरली वांगी ना आज?" घरी लेक आतल्या खोलीतून विचारते आहे.

हातात सुरी आहे. सवयीने आणलेली तीच चकचकीत वांगी एकेक चिरून उजेडात धरते आहे. एखादी तरी अळी निघू दे रे देवा.