कढई घेऊन हॉटेलात

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर श्यांग मावशी सांगेलच. त्या सकाळी नळाला पाणी नव्हतं. मी नळ सोडून पाहिला, त्यानं नुसती हवा सोडली, आणि मी तो तसाच उघडा ठेवून कामावर गेलो. दुपारी पाणी आलं. बेसिनच्या भोकावर फडकं पडलेलं होतं, त्यामुळे पाण्याला जायला एकच वाट उरली, खालची. खाली घरमालकिणीचं, म्हणजे श्यांग मावशीचं, स्वयंपाकघर.

संध्याकाळी मी परतलो तेव्हा छताचा गिलावा शेगडीवर येऊन पडला होता, गॅस कंपनीचा माणूस गॅस बंद करून निघून गेला होता, आणि मावशी खुर्चीवर मांडीवर कढई घेऊन बसली होती. लेकरू वाचवावं तशी वाचवलेली.

"या, फंगच्येकर," ती म्हणाली. मी फंगच्ये नावाच्या लहान गावातून चोंगचिंगला आलो, हे ती मला विसरू देत नाही. "घर आंघोळ करून मोकळं झालं. आता आम्ही जेवायचं कुठे, ते सांगा."

प्रश्न साधा नव्हता. आदल्या वर्षी तिच्या नवऱ्याला, येन काकांना, अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय गेला. मावशीनं क्वानयिन देवीपुढे गुडघे टेकून नवस बोलला: हे चालू लागले तर वर्षभर शुद्ध जेवीन. शुद्ध म्हणजे मांस, मासे, अंडं नाही. शिवाय कांदा-लसणाच्या जातीचं काही नाही. काका चालू लागले. वसंतापर्यंत पायऱ्याही चढू लागले, आणि आमच्या या डोंगराळ शहरात पायऱ्या चढणारा माणूस बराच झाला असं धरतात. देवीच्या जन्मदिवशी वर्ष भरणार होतं. दहा दिवस उरले होते आणि मी नळ उघडा ठेवला होता.

"बहिणीकडे जा ना काही दिवस," मी म्हणालो.

"तिच्या घरी डुकराच्या चरबीशिवाय पाणीसुद्धा उकळत नाही. नवस मोडला आणि यांचा पाय परत गेला तर काय तू उचलून नेणार आहेस वर?" मग ती जरा थांबली. "तू दिवसभर लोकांना हॉटेलच शोधून देतोस ना?"

देतो. प्रवासाच्या एका लहान कंपनीत माझं तेवढंच काम. आलेल्यांना खोली शोधून द्यायची आणि त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. पण येणारे लोक श्यांग मावशी नसतात. तिची सगळी नोकरी सरकारी कापड गिरणीत झाली, दोष शोधायच्या टेबलावर. उजेड लावलेल्या काचेवरून कापड सरकत जायचं आणि तिनं तुटलेला धागा धरायचा. गिरणी बंद पडली, तिथे आता उंच इमारती आहेत, पण मावशीचं टेबल काही बंद झालं नाही. बाजारात ती स्वतःचा काटा घेऊन जाते. टोफू मोडून वास घेतल्याशिवाय घेत नाही. माझ्याकडे पाहतानाही तिची नजर डावीकडून उजवीकडे सरकते.

पहिलं हॉटेल मी मोठ्या अभिमानानं निवडलं होतं. दारावर पितळी पान, निसर्गाचा मित्र वगैरे. खोलीत दात घासायचा ब्रश नाही, कंगवा नाही. मागितलं तर मिळेल. पलंगावर चिठ्ठी: टॉवेल रोज धुवायला टाकू नका, नदी वाचवा.

मावशीनं चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली. "म्हणजे धुणं वाचलं त्यांचं आणि उपकार झाले नदीवर."

"मावशी, साबण कमी जातो पाण्यात."

"मग भाडं कमी का नाही जात?"

खाली शाकाहारी जेवणाचं वेगळं टेबल होतं. मावशी सरळ आत गेली आणि मिनिटभरात बाहेर आली. टेबल वेगळं होतं, पळी एकच होती. ती पळी मघाशी कुठून आली, ते तिनं कॉलर धरून आणल्यासारखं आचाऱ्याकडून वदवून घेतलं. आम्ही ब्रश न मागताच निघालो.

दुसरं नदीकाठी होतं, व्हीगन म्हणून गाजलेलं. बांबूच्या नळ्या, कुंड्या, छपरावर उन्हानं तापणारं पाणी. काउंटरवरची मुलगी उत्साहानं सांगत होती, "आमच्याकडे दूध नाही, अंडं नाही, आणि काकू, मधसुद्धा नाही."

"मध का नाही?"

"मधमाश्यांवर अन्याय होतो."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. हिला काहीतरी लपवायचंय, अशी ती नजर. मग तिनं नाक वर केलं. आतून लसणाची खमंग फोडणी येत होती. "आणि हे?"

"लसूण तर भाजीच आहे ना, काकू."

"मधमाशीची एवढी दया आणि माझ्या नवसाची काहीच नाही." बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. "फंगच्येकर, जो माणूस नको ते सोडतो आणि सोडायचं ते खातो, त्याच्यापासून सांभाळून राहावं."

येन काका तोवर उभेच होते. या सगळ्यात कुणी काही विचारलं नाही असा माणूस म्हणजे काका. त्यांनी हळूच माझ्या कानात विचारलं, "ज्या ठिकाणी हिला जेवू घालत नाहीत, तिथे मला घालतील का?"

तिसरं सापडलं ते डोंगरावर, देवळाच्या मागे. जुनं धर्मशाळेसारखं घर; लुओ उस्ताद नावाचा आचारी आणि त्याची बहीण चालवत. साबणाऐवजी शिकेकाईसारख्या शेंगांचं पाणी. आंघोळीचं पाणी पाटातून कोबीच्या वाफ्यात. मावशीनं पाटाच्या कडेनं चालत जाऊन ते शेवटपर्यंत पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "म्हणजे आजची माझी आंघोळ उद्या मीच खायची." पण राहिली. कांदा-लसूण नाही हे तिनं वाफ्यातच पाहून घेतलं होतं.

नड आली जेवताना. पहिल्याच ताटात टोफूच्या सायीचं नकली बदक आलं. कातडी तपकिरी, कुरकुरीत, चिरली की आतून थर सुटणारे. मावशीनं एक तुकडा उजेडाकडे धरला. "हे फार चांगलं आहे," ती म्हणाली आणि ताट सरकवलं.

"चांगलं आहे तर खा की."

"इतकं चांगलं खोटं असत नाही. तू खा आणि सांग."

मी खाल्लं. मला खरंच कळेना, आणि तसं सांगितल्यावर माझी साक्ष बाद झाली. काकांनी एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि उरलेलं पाल्याखाली दडवलं. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. मावशी लोणचं आणि भात खाऊन उठली.

तीन-चार दिवस असेच गेले. ती भातावर सुकत चालली. शेवटी एका सकाळी कढई काखेत मारून ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. मी मागे, काका अंगणात बाकावर.

"माझं मी रांधीन," ती म्हणाली. "माझ्याच कढईत."

लुओ उस्ताद दारातून हलला नाही. "बाहेरचं भांडं आत येत नाही, ताई."

"आत काय लपवलंय एवढं?"

"तुमच्या कढईत काय लपलंय ते आधी बघू."

असं मावशीला कधी कुणी बोललं नसावं. तिनं कढई पुढे केली. "वर्षभर या लोखंडाला चरबीचा डाग लागलेला नाही. बघा, वास घ्या, काय वाटेल ते करा."

उस्तादानं अंगणातली चूल पेटवली आणि कढई कोरडीच वर ठेवली. तेल नाही, पाणी नाही. आम्ही सगळे उभे. लोखंड तापलं, करडं झालं, कडेनं धूर सुटला. आधी सोयाबीनच्या तेलाचा वास आला. मावशीनं हनुवटी वर केली. मग त्या वासाच्या खालून दुसरा वास आला, आणि तो कशाचा आहे हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही: सुरूच्या फांद्यांवर धुरावलेलं, नववर्षाचं डुकराचं मांस.

येन काका बाकावरून उठले आणि फाटकाकडे चालू लागले. पाय अगदी छान चालत होता.

"थांबा," मावशी म्हणाली.

ते थांबले.

"कधी?"

"तू सकाळी चौकात बायकांबरोबर व्यायामाचा नाच करायला जायचीस तेव्हा." ते पाठमोरेच बोलले. "गावाहून भावानं पाठवलेलं होतं. वाया गेलं असतं. थोडंसंच, पातळ काप. कढई तर मी इतकी घासायचो, इतकी..."

"म्हणूनच म्हटलं, चकचकीत कशी राहते." ती खाली बसली. कढई धूर सोडत राहिली. मग तिनं उस्तादाला विचारलं, आणि आवाज अगदी बारीक होता, "म्हणजे वर्षभर मी काय खाल्लं? नवस झाला की मोडला?"

"ते मला विचारू नका, ताई. मी फक्त चूल सांभाळतो."

मावशी कढईकडे पाहत बसली. मग काकांना म्हणाली, "चाला." ते अंगणाच्या टोकापर्यंत गेले. "आता परत या." ते आले. "पुन्हा." ती त्या पायाकडे डावीकडून उजवीकडे पाहत होती, एकेक धागा. मलाही एकदम भीती वाटली की आत्ता कुठेतरी अडेल. अडला नाही.

"पाय खरा आहे," ती शेवटी म्हणाली. "माणूसच खोटा निघाला."

मग न्याय झाला. देवीनं पाय दिला तो मावशीच्या तोंडाकडे बघून. मांस गेलं काकांच्या तोंडात. तर राहिलेलं काकांनी शुद्ध जेवून फेडायचं. काका म्हणाले आठवडा, मावशी म्हणाली वर्ष. उस्तादाच्या बहिणीनं मध्ये पडून महिन्यावर तोडलं. आपले उरलेले दिवस मावशी पुरे करणारच होती.

त्या दुपारी तिनं पहिल्यांदा बदकाला हात लावला. चावून चावून खाल्लं.

"पटलं?" मी विचारलं.

"यांनी त्या दिवशी ते पाल्याखाली ढकललं होतं. खरं असतं तर बशीसुद्धा चाटली असती." तेव्हा तिचं लक्ष होतं तर.

देवीचा जन्मदिवस झाला, छताला नवा गिलावा झाला, मावशीनं नवी कढई घेतली. ती माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. लागेल तेव्हा मावशी खाली नेते आणि धुऊन परत वर आणते.

"माझ्यावर एवढा विश्वास?" मी विचारलं होतं.

"विश्वास कुठला. तुला स्वयंपाक येत नाही."

काकांनी महिना फेडला, एक दिवस सोडून. त्या शेवटच्या दिवशी पुतण्याचं लग्न निघालं. मग उकाडा होता, मग थंडी होती, मग गावाहून पार्सल आलं. मावशी दर वेळी आठवण करते, काका दर वेळी होकार देतात.

परवा ती नाचायला गेली तेव्हा काका वर आले. धापही लागली नव्हती. हवेपाण्याच्या गप्पा मारल्या, डोळे खिळ्यावर.

"काका, तो एक दिवस?"

"ठेवलाय," ते म्हणाले. "सगळंच फेडून टाकलं तर देवीला आपली आठवण कशानं राहणार?" आणि दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेले. मी कढई खिळ्यावरून काढून पलंगाखाली सरकवली.