झाकण नसलेला डबा

“चाई शे वं ती, केस परत येतीन,” असं म्हणून मावशी डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या. की विषय संपला!

लिंबायतच्या कामगार वस्तीत त्या आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. दोघी मिळून साड्यांना टिकल्या चिकटवायचो. चाईचा चट्टा पडतो आणि भरूनही येतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. पण चाईत कधी पू होतो का हो? मावशींच्या टाळूवर फोड यायचे, आग व्हायची आणि फोड बसले की तिथली कातडी गुळगुळीत. “मावशी, डॉक्टर!” मी ओरडायचे. त्या कांद्याचा रस चोळत बसायच्या. गल्लीत कुणी लसूण सांगितला की लसूण. माझं तेवढं ऐकायचं नाही.

वर गळालेले केस पिशवीत जपून ठेवायच्या! “बाल दो, बर्तन लो!” ओरडत एक बाई यायची, तिच्याकडून त्यांनी स्टीलचा डबा घेतला. केस कमी भरले म्हणून तिने झाकण ठेवून घेतलं. “और बाल दो, ढक्कन ले जाओ.” मावशी खूश. “जमतीन वं लवकरच,” म्हणाल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी मीच त्यांना रिक्षात कोंबून चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, “ही चाई नाही. सुजेने केसांची मुळंच मरतात. गेले ते येणार नाहीत. उरलेले वाचवायचे तर गोळ्या सोडू नका.”

दारात आल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, “मंग परत नहीच येतीन?” तोवर त्यांच्यावर इतकी चिडले होते, पण तेव्हा मलाच रडू आलं.

आणि बाई तरी कशी? आग थांबली की गोळ्या बंद! मग मी रोज समोर बसून गिळायला लावल्या. रोज भांडण. हळूहळू फणीत केस येईनासे झाले. भांडीवाली आली तेव्हा मावशींनी रिकामी पिशवी झटकली आणि माझ्यावरच फणकारल्या, “तुना डॉक्टरनी मनं झाकण बुडाडं!”

पुढे मावशींचे यजमान कामाला होते तो कारखाना बंद पडला आणि दोघं धुळ्याकडे गावी परतली. जाताना तो डबा माझ्या हातात देऊन गेल्या.

परवा भांडीवालीने तो ओळखला. “थोडे बाल दे दो, ढक्कन ले लो.”

“नहीं चाहिए!” मी अशी खेकसले की ती दचकलीच. त्या झाकणाचे केस माझ्या मावशींच्या डोक्यावर आहेत, हे तिला काय सांगू?