निलगिरीचं म्हातारपण

साठ सालानंतरची गोष्ट. मी शहाद्याला मास्तर होतो आणि शाळेच्या वाटेवर एका सुताराचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडीची चाकं बाजूला टाकून हा गृहस्थ घासलेटच्या रिकाम्या डब्यात लावलेली निलगिरी कोरत बसे. जंगलखात्याने वाटलेलं हे ऑस्ट्रेलियाचं झाड ताडाएवढं व्हायचं, पण याने सहा वर्षं शेंडे खुडून ते गुडघ्याएवढं ठेवलं होतं.

जीभ दातांत धरून तो पटाशीने खोडात ढोली पाडी. जखमेच्या कडेला साल ओठासारखी वळून आली, की मगच पुढचा घाव.

"झाड तरनं शे, पन खोड मातारं करी ऱ्हायनू मी," तो सांगे. स्वतःच्या मिशांना मात्र कलप लावी.

एका सकाळी पाहतो तर ढोलीला शेंदूर आणि पुढे नारळ! जुनं, ढोलीचं झाड दिसलं की तिकडे हात जोडतातच; बाजाराला आलेली कुणी म्हातारी पूजा उरकून गेली होती. सुतार पटाशी मांडीखाली लपवून बसला होता.

"गुरुजी, सव साल यानी मन्हा मार खादा. आते मालेच याना पाया पडनं पडस!"

संपलं याचं कोरणं, असं मला वाटलं. संध्याकाळी परतताना तो टोपी काढून डब्यापुढे वाकलेला दिसला. भाविक निघाला बिचारा, म्हणून जवळ गेलो, तर कुजबुज ऐकू आली.

"देवबा, जरासा हालू नको. डावी बाजू कोरानी ऱ्हायनी शे."